पी हळद, हो प्रशिक्षक!

३० जुलै २०२० रोजी इटलीतल्या युव्हेंटस या बड्या क्लबनं आंद्रेआ पिर्लोला आपल्या २३ वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक नेमलं. पोरांना शिकव, शिकवता शिकवता स्वतःही शिक, असा एकंदर समंजस बेत होता. ८ ऑगस्टला तोच पिर्लो मुख्य संघाच्या प्रशिक्षकाच्या खुर्चीत विराजमान झाला. उमेदवारी भरली नऊ दिवसांची, आणि त्या नऊ दिवसांत त्यानं एकाही सामन्यात संघ उतरवला नाही. मधल्या काळात घडलं इतकंच, की चॅम्पियन्स लीगमध्ये लिऑननं युव्हेंटसला बाहेर काढलं आणि नुकतंच इटालियन लीगचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या मौरिझिओ सार्रीच्या हाती क्लबनं नारळ ठेवला. प्रशिक्षकाचा सर्वोच्च परवाना पिर्लोला मिळाला तो त्यानंतर, सप्टेंबरात. त्यासाठी लिहिलेल्या प्रबंधात त्यानं आपल्याला कसं फुटबॉल आवडेल याचं विवेचन केलं होतं. आधी नेमणूक, मग परीक्षा आणि शेवटी आवडीनिवडी, ही पद्धत आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांनीही हेवा करावा अशीच.

पुढच्या मोसमात काय झालं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. युव्हेंटसनं त्याआधी सलग नऊ वर्षं लीग जिंकली होती. पिर्लोच्या हाती आल्यावर संघ चौथा आला, तोही शेवटच्या दिवशी नापोलीचा पाय घसरला म्हणून. न्यायाच्या दृष्टीनं सांगायला हवं, की इटालियन कप आणि सुपर कप पिर्लोनं जिंकून दिले. पण २१ मार्च २०२१ च्या सामन्यानं त्या वर्षाचं सगळं सार सांगून टाकलं. समोर होता बेनेव्हेन्तो, कित्येक आठवडे विजयाचं तोंडही न पाहिलेला. युव्हेंटसच्या आर्थरनं स्वतःच्याच गोलसमोरून आडवा पास दिला, बेनेव्हेन्तोच्या गाइचनं तो मधल्यामध्ये पळवला आणि चेंडू जाळ्यात. तुरिनमध्ये युव्हेंटस ०-१ नं हरला. पाहुण्यांच्या बाकावर होता फिलिपो इन्झागी, मिलानमध्ये आणि २००६ च्या विश्वविजेत्या संघात पिर्लोचा सहकारी. त्यालाही एकदा थेट गादीवर बसवण्याचा प्रयोग झाला होता. मिलाननं त्याला युवा संघातून उचलून २०१४ मध्ये मुख्य संघ दिला, संघ दहावा आला आणि इन्झागी घरी गेला. मग तो तिसऱ्या श्रेणीतल्या व्हेनेझियाला गेला, त्यांना वर काढलं, पुढे बेनेव्हेन्तोलाही वर आणलं. बेनेव्हेन्तो त्या मोसमाअखेर पुन्हा खाली घसरला, हे खरं. पण त्या दुपारी एका बाकावर प्रबंध होता आणि दुसऱ्यावर अनुभव.

नामवंत खेळाडू चांगला प्रशिक्षक होऊच शकत नाही, असं म्हणण्याचा मोह इथं होतो. तो टाळलेला बरा. आरिगो साक्की कधीच व्यावसायिक फुटबॉल खेळला नव्हता, बापाच्या व्यवसायात बूट विकत होता. त्याला हिणवलं गेलं तेव्हा त्यानं उत्तर दिलं, की जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. उत्तर झकास होतं आणि पुढे मिलानला दोनदा युरोपियन कप जिंकून देऊन त्यानं ते सिद्धही केलं. पण घोडा असणं हा गुन्हा आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. क्रायफ, झिदान, ग्वार्दिओला हे सगळे मैदानातले राजे होते आणि बाकावरही राजेच ठरले. तेव्हा मुद्दा खेळाडूच्या लायकीचा नाही. त्याला घाईनं घोड्यावर बसवणाऱ्यांचा हेतू काय असतो, हा खरा मुद्दा आहे. आणि तो हेतू, संचालक मंडळाच्या पत्रकात काहीही छापलेलं असो, बहुतेक वेळा सामने जिंकण्याचा नसतोच. तो स्वतःची कातडी वाचवण्याचा असतो.

क्लबचा मालक अडचणीत कधी येतो? संघ हरतो तेव्हा येतोच, पण त्याहून अधिक अडचणीत येतो तो प्रेक्षक स्टँडमधून त्याच्या नावानं शिमगा करतात तेव्हा. अशा वेळी अनुभवी पण अनोळखी प्रशिक्षक आणला, तर लोक विचारतात, हा कोण? जुना लाडका खेळाडू आणला, तर लोक टाळ्या वाजवतात. निदान सहा आठवडे तरी मालकाच्या राजीनाम्याची मागणी कोणी करत नाही, कारण पुतळ्यावर दगड मारायला हात धजत नाही. नवी जर्सी खपते, पत्रकार परिषदेला खुर्च्या कमी पडतात आणि गाडं रुळावरून घसरलंच तर तारा ‘अननुभवी’ ठरतो. तो अननुभवी आहे हे नेमणुकीच्या दिवशी ज्यांना ठाऊक होतं, त्यांना कोणी काही विचारत नाही. खेळाडूनं वीस वर्षं घाम गाळून कमावलेलं नाव मालक चार महिन्यांत खर्चून टाकतो, आणि बिल खेळाडूच्या नावानं फाटतं.

पुराव्याला तोटा नाही. व्हॅलेन्सियाचे मालक पीटर लिम यांनी डिसेंबर २०१५ मध्ये गॅरी नेव्हिलला नेमलं. सॅलफर्ड सिटी या छोट्या क्लबात दोघं भागीदार होते. नेव्हिल इंग्लंडचा सहायक प्रशिक्षक होता आणि टीव्हीवर इतरांच्या चुका फार सुरेख समजावून सांगायचा. उंटावरून खाली उतरल्यावर शेळ्या किती अवघड असतात, ते त्याला १६ लीग सामन्यांत कळलं. त्यांतले तीन त्यानं जिंकले. बार्सिलोनानं चषकाच्या उपांत्य फेरीत ७-० नं धुतलं ते वेगळंच. मार्चअखेर प्रकरण आटोपलं. मोनॅकोची कथा याहून बहारदार. लिओनार्दो जार्दिम हा कधीच व्यावसायिक फुटबॉल न खेळलेला माणूस, त्यानं २०१७ मध्ये मोनॅकोला फ्रान्सचं विजेतेपद मिळवून दिलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्लबनं त्याला काढून थिएरी ऑन्रीला आणलं. जानेवारीत ऑन्रीला बाजूला केलं आणि पुन्हा जार्दिमलाच बोलावलं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम सिटीच्या नव्या मालकांनी २०२३ मध्ये तर संघ सहाव्या क्रमांकावर असताना जॉन युस्टेसला काढलं, कारण वेन रूनी मोकळा होता. रूनी तोवर अगदीच नवखा राहिला नव्हता. पण १५ सामन्यांत दोन विजय मिळवून तो गेला तेव्हा संघ विसावा होता आणि मोसमाअखेर खालच्या श्रेणीत गेला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप इतिहासाचा. केनी डॅल्ग्लिश १९८५ मध्ये लिव्हरपूलचा खेळाडू-व्यवस्थापक झाला आणि पहिल्याच मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकून बसला. लीग पक्की करणारा गोलही त्यानंच मारला. फ्रान्झ बेकेनबाउरकडे परवाना नव्हता, म्हणून पश्चिम जर्मनीनं त्याच्यासाठी निराळं पदनाम शोधलं आणि त्यानं १९९० चा विश्वचषक आणला. मग पिर्लोला का नावं ठेवायची? ठेवायची अशासाठी, की डॅल्ग्लिशच्या शेजारी सल्लागार म्हणून बॉब पेझ्ली बसत होता, तीन युरोपियन कप जिंकलेला. खाली रॉनी मोरान, रॉय इव्हान्स अशी त्याच घरात मुरलेली मंडळी होती. स्वयंपाकघर जुनंच होतं, फक्त वाढणारा बदलला होता. बेकेनबाउरलाही रोजची तालीम सांभाळणारे परवानाधारक सहायक होते आणि विश्वचषक आला तो सहा वर्षांनी. राहता राहिला क्रायफ. त्यालाही आयॅक्सनं १९८५ मध्ये असंच वेगळं पदनाम देऊन नेमलं आणि दोन वर्षांत त्यानं युरोपियन कप विनर्स कप आणला. क्रायफला अपवाद म्हणून मी बिनशर्त सोडून देतो. मात्र आपल्याला सापडलेला माणूस क्रायफच आहे असं ज्या ज्या मालकांना वाटलं, त्यांची यादी बरीच लांब आहे.

दुसरा आक्षेप धाकाचा. ड्रेसिंग रूममधल्या कोट्यधीश पोरांना वठणीवर आणायचं, तर समोरचा माणूसही तेवढाच मोठा हवा, असं म्हणतात. यात तथ्य आहे, पण ते पहिल्या दिवसापुरतं. पहिली अकरा नावं फळ्यावर लागली, की बाहेर बसलेल्या चौदा जणांना समोरच्याचे जुने गोल आठवत नाहीत, स्वतःचा करार आठवतो. त्यांच्याशी काय बोलायचं, हे गोल मारून शिकता येत नाही. ऑन्रीचा एक प्रसंग कॅमेऱ्यात सापडला. पत्रकार परिषद संपली, १७ वर्षांचा बचावपटू बेनुआ बादियाशिल खुर्ची मागे तशीच सोडून निघाला. ऑन्रीनं त्याच्याकडे असं काही रोखून पाहिलं, की पोरगं निमूट परत फिरलं आणि खुर्ची आत सरकवली. धाक शंभर टक्के होता. खुर्च्या जागेवर गेल्या, संघ मात्र तळाशीच राहिला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शिकायचं तर काम करूनच शिकणार ना? बरोबर, पण कुठे, हा प्रश्न उरतो. आंतोनिओ कोंते युव्हेंटसचा जुना कर्णधार. तो आधी आरेझोत गेला, तिथून काढला गेला, परत बोलावला गेला आणि संघ खालच्या श्रेणीत घसरताना पाहिला. बारीला त्यानं वर आणलं, अटलांटातून राजीनामा देऊन बाहेर पडला, सिएनाला वर आणलं. हे सगळे घाव त्यानं कोणाचं फारसं लक्ष नसताना खाल्ले. मग २०११ मध्ये युव्हेंटसनं त्याला बोलावलं. सलग नऊ विजेतेपदांची मालिका त्यानंच सुरू केली, पिर्लो तेव्हा त्याच्या हाताखाली खेळत होता. आणि ती मालिका २०२१ मध्ये मोडली तीही कोंतेनंच, इंटरचा प्रशिक्षक म्हणून, पिर्लोच्या डोळ्यांदेखत. झिदान चॅम्पियन्स लीगच्या तीन विजेतेपदांआधी आन्चेलोत्तीच्या हाताखाली राहिला आणि मग रेआलच्या दुय्यम संघाबरोबर तिसऱ्या श्रेणीत सहावा आला. ग्वार्दिओला एकच वर्ष थांबला असं सांगतात, पण ते वर्ष चौथ्या श्रेणीतल्या मैदानांवर गेलं, हे सांगत नाहीत. गॅरेथ साउथगेट २००६ मध्ये मिडल्सब्रोत खेळाडूचा थेट व्यवस्थापक झाला, नियमात बसत नव्हता म्हणून लीगनं सवलत दिली आणि तीन वर्षांत संघ खाली गेला. तोच साउथगेट पुढे २१ वर्षांखालील पोरांना शिकवून आला आणि इंग्लंडला दोनदा युरोच्या अंतिम सामन्यात घेऊन गेला. माणूस तोच, फक्त मधे उमेदवारी झाली. ताऱ्याला थेट शिखरावर नेणारे त्याच्यावर उपकार करत नाहीत. चुका पचवण्याची त्याची हक्काची वर्षं हिरावून घेतात.

ही थेरं युरोपातच चालतात असं समजून आपण हसायला नको. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दोन मोसमांत आपणही हळद भरपूर पाजली. केरळनं डेव्हिड जेम्सला, चेन्नईनं मार्को मातेराझीला, दिल्लीनं रोबेर्तो कार्लोसला आणि आपल्या मुंबई सिटीनं २०१५ मध्ये निकोलस अनेल्काला खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी गादीवर बसवलं. त्या नोव्हेंबरात फातोर्ड्याला गोव्यानं मुंबईचा ७-० असा फडशा पाडला. गोव्याच्या बाकावर झिको होता, तोही तारा, पण जपानच्या राष्ट्रीय संघापासून तुर्कस्तानातल्या क्लबापर्यंत बाकावरची वर्षं मोजून आलेला. याच मोसमात त्याच फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात मातेराझीच्या चेन्नईनं झिकोच्या गोव्याला ३-२ नं हरवलं, हा माझ्या विरोधातला पुरावा मी लपवत नाही. पण पुढच्या मोसमात चेन्नई सातवी आली, हेही लपवायचं कारण नाही. आणि मुंबईचं पुढे काय झालं? २०१६ मध्ये क्लबनं कोस्टा रिकाला दोन विश्वचषकांत घेऊन गेलेला अलेक्झांड्रे गिमाराइश आणला आणि संघ साखळीत पहिला आला. तारा त्या वर्षीही होताच, दिएगो फोर्लान. फक्त त्याला खेळायलाच सांगितलं होतं.

तेव्हा जगभरच्या समस्त मालकवर्गाला एक बिनखर्चाची सूचना. उद्या एखादा महान खेळाडू बूट टांगून तुमच्या दारी आला, तर त्याला हार घाला, पेढे द्या आणि दोन वर्षं तिसऱ्या श्रेणीत जायला सांगा. तो गेला, तर तुम्हाला कदाचित प्रशिक्षक मिळेल. नाही म्हणाला, तर मुलाखत तिथंच संपली असं समजा. आणि वाचकहो, यापुढे कोणी तारा चार महिन्यांत हाकलला गेला, की त्याला हसण्याआधी त्याला नेमलं कोणी, हे नाव शोधून काढा. ते नाव बहुतेक वेळा पुढची नेमणूक करण्यात गुंतलेलं सापडेल.