गुलबाईचं माहेर

अहो, ऐकलंत का? काल भिशीत काय झालं ते? समोरच्या विंगमधल्या काकू ब्रुन-मस्का खाता खाता म्हणाल्या, "इराणी आणि पारशी एकच हो, एकाच बोटीतून आले." खालच्या मजल्यावरच्या पारशी आंटी तिथेच बसलेल्या! त्यांनी बशी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मधे हजार वर्षं गेली, डिअर." काकूंचा चेहरा असा उतरला, सांगते तुम्हाला...

मग आंटींनी गुलबाईचं सगळं काढलं. तीच हो, अठराव्या शतकाच्या शेवटी बापाबरोबर इराणातून पळून मुंबईला आलेली. तिथे राहिली असती तर कुणी उचलूनच नेली असती. इथे फ्रामजी पांड्यांच्या घरात पडली, तर तिकडून जो कुणी जीव घेऊन येईल त्याला पहिलं ताट त्यांच्याकडेच. मुलं हे बघतच मोठी झाली. म्हणून तर त्यांच्यातल्या मेहेरवानजीने 1854 मध्ये फंड काढला आणि माणकजी लिमजी हातरियांना तिकडे धाडलं. नाव सगळे माणकजींचं घेतात. मी म्हणते, मूळ गुलबाईच्या माहेरात आहे. पण बाईचं नाव कोण घेतं?

तर काय सांगत होते... हां, माणकजी. यझ्द नि कर्मानला जाऊन बघतात तर काय, तिथे उरलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी घोड्यावर बसायचं नाही. गाढवावर बसावं, तर समोरून मुसलमान आला की उतरायचं. कपडे मळकट पिवळे. पावसात बाहेर पडायचं नाही, ओल्या अंगाचा विटाळ होतो म्हणे! घराची भिंत किती, तर हात वर केला की टोकाला लागली पाहिजे. म्हणजे आपण दोघी इथे बोलतोय ना, एवढंसं कुंपण! आणि घरातल्या एकाने धर्म बदलला की सगळी इस्टेट त्याची. बाकीचे भाऊ बसले हात चोळत. आपल्याकडे सात-बाऱ्यावरून काय काय होतं ते माहीतच आहे तुम्हाला, तिथे तर कायदाच असा. वर जिझिया कर!

आता गंमत ऐका. माणकजी गेले यांचे अश्रू पुसायला आणि पहिला खटका उडाला तो घरच्यांशीच. ती मंडळी डोंगरातल्या बानू पार्सच्या जत्रेला गाय कापायची, पूर्वापार. माणकजी आपल्याकडचे, गुजरातेत जन्मलेले. ते कसे ऐकून घेतील? म्हणाले, हे बंद करा. मदतीला आलेला पाहुणा आपलेच कान उपटतो म्हटल्यावर त्यांचे चेहरे काय झाले असतील, विचार करा! पण बंद केलं हो बऱ्याच जणांनी. पैसे मुंबईहून येत होते ना.

हो, पैसा तर होताच. जिझियाची भर मुंबईचा फंड घालायचा. शाळा काढल्या, पडके दख्मे, म्हणजे मृतांचे मनोरे हो, नीट केले आणि तेहरानच्या दरबारात आपली चिकाटीने ये-जा चालू. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसते अर्ज, नजराणे, ओळखीपाळखी. इंग्रज वकिलातीचा वशिलासुद्धा लावला, उगाच कशाला लपवायचं. 1873 मध्ये इराणचा शहा लंडनला गेला, तर तिथेही पारशी मंडळी मेमोरियल घेऊन उभी, आपले दादाभाई नवरोजी त्यांत! बिचारा राजा, परदेशात गेला तरी सुटका नाही.

शेवटी 1882 मध्ये शहाने जिझिया माफ केला. अठ्ठावीस वर्षं लागली हो. काकू लगेच म्हणाल्या, "चला, सुटले एकदाचे!" आंटी हसल्या. म्हणाल्या, फरमान तेहरानला निघालं, पण यझ्दच्या गल्लीत कोण विचारतो? तिथे 1895 पर्यंत साधी छत्रीसुद्धा धरू देत नव्हते. माणकजी तर त्याआधीच, 1890 मध्ये, तिकडे तेहरानलाच वारलेले.

काकूंनी मग दुसरा ब्रुन घेतलाच नाही.