फक्त एक चमचा

नाना तुमच्याही ओळखीचे आहेत. मधुमेहाचं निदान झालं त्याच दिवशी घरातला साखरेचा डबा हद्दपार करणारे, चारचौघांत चहा 'बिनसाखरेचा!' असा खणखणीत आवाजात मागणारे आणि तो समोर आला की खिशातल्या छोट्या बाटलीतून त्यात मध सोडणारे. कुणी नुसतं बघितलं तरी उत्तर तयार: 'साखर नाही हो, मध! आणि तोही फक्त एक चमचा.' सकाळी लिंबूपाण्यात फक्त एक चमचा, पोळीबरोबर फक्त एक चमचा, दुपारी दह्यात एक, आणि रात्री झोप छान लागते म्हणून दुधात एक. प्रत्येक चमचा त्या दिवसाचा पहिलाच असतो. शिवाय मध चमच्यात सपाट बसत नाही, काठावर फुगून राहतो. बाटलीच्या तोंडाशी ओघळलेला थेंब बोटानं टिपावा लागतो, बोट चाटावं लागतं, आणि चमच्याच्या पाठीला चिकटलेला वाया घालवणं नानांच्या संस्कारात बसत नाही. हे सगळं त्या एका चमच्यातच धरलेलं असतं.

माझी तक्रार मधाबद्दल नाही, नानांनी त्याला दिलेल्या माफीबद्दल आहे. जे हिशेबातच धरायचं नाही, ते मोजलं जात नाही. नानांचा पहिला बचाव असा की मध नैसर्गिक आहे. आहेच. पण मधात सुमारे 80 टक्के साखर असते आणि उरलेलं बहुतेक पाणी. उसाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ती आपलं आतडं फोडतं. फुलांच्या रसातली तीच जोडी मधमाशी आधीच फोडून ठेवते. म्हणजे नाना ज्याला निसर्गाची देणगी म्हणतात, ती बव्हंशी आयती फोडून दिलेली साखर आहे. (बाटलीत मध असलाच तर. 2020 साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं तपासलेल्या 13 ब्रँडपैकी तीनच ब्रँड सगळ्या चाचण्यांतून पार पडले होते.) दुसरा बचाव ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्यानं वाढवतो त्या निर्देशांकाचा. मधाचा सरासरी 60 च्या आसपास, साखरेचा 65. फूल बदललं की मधाचा आकडाही बदलतो. पण हा निर्देशांक सारख्या वजनाच्या कर्बोदकांची तुलना करतो, आणि नाना मोजतात चमच्यानं. चहाच्या चमच्यात साखर मावते 4 ग्रॅम. मध मावतो 7 ग्रॅम, त्यातलं पाणी वजा केलं तरी साखर साडेपाच ग्रॅमच्या पुढेच. चमच्याला चमचा लावला, तर हद्दपार केलेल्या डब्यातली साखरच कमी भरली असती.

तिसरा बचाव भारदस्त आहे, कारण तो फॉरवर्ड होऊन आलेला असतो. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये 18 प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. मधामुळे उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल थोडं सुधारल्याचं त्यात दिसलं. पण त्यातली माणसं बहुतेक निरोगी होती, एरवीही साखर बेतानं खाणारी होती, आणि संशोधकांचा सल्ला होता की साखर खात असाल तर तिच्या जागी मध घ्या, खात नसाल तर मध सुरू करू नका. उलट तेहरानमध्ये प्रत्यक्ष मधुमेही रुग्णांना आठ आठवडे मध दिला, त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. वजन उतरलं, कोलेस्टेरॉल सुधारलं, पण तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारं एचबीए1सी वाढलं. तिथली मात्रा मोठी होती, हा आक्षेप रास्त आहे. नाना तो घेतातच: 'आपला तर फक्त एक चमचा!'

मग निघतो आयुर्वेद. प्रमेहाच्या (मधुमेह हा त्यातलाच एक) चिकित्सेत मध सांगितला आहे, हे खरं. पण तो औषधाबरोबर, आणि त्याच चिकित्सेत सुश्रुतानं निर्धन रुग्णाला अनवाणी, छत्रीशिवाय शंभर योजनं चालायला सांगितलंय. विहीर खणण्याचाही सल्ला आहे. नानांनी त्यातला मध तेवढा उचलला आणि विहीर सोसायटीवर सोपवली. उष्णाशी मध घेऊ नये असंही तेच ग्रंथ बजावतात. नाना तो वाफाळत्या चहात ढवळतात. महाबळेश्वरहून मुद्दाम मागवलेल्या जांभूळ मधाचीही तीच गत. जांभळाच्या बीची ख्याती मोठी, पण मधमाशी बी कुटून आणत नाही, ती फुलातला गोड रसच आणते. आणि या सगळ्या वादाचा निकाल डॉक्टरांच्या कागदावरच लिहिलेला असतो: साखर एकदम उतरून घाम फुटला, हात थरथरले, तर 15 ग्रॅम साखर किंवा मोठा चमचाभर मध द्या. जो मध साखर वाढवायला दिला जातो, तो वाढवत नाही असं कसं म्हणणार?

एवढं सगळं सुनावल्यावर एक कबूल करायलाच हवं. 'एका पेढ्यानं काय होतंय' म्हणणाऱ्यांपेक्षा नाना बरे. त्यांनी श्रीखंड सोडलंय, पुरणपोळीवर पाणी सोडलंय. देशात आज दहा कोटींच्या वर मधुमेही आहेत, 2023 च्या आयसीएमआरच्या पाहणीत गोव्यात तर चार प्रौढांमागे एकाहून अधिक; आणि आपल्याकडे निकाल लागला, बारसं झालं, नोकरी लागली, की पहिला शब्द 'तोंड गोड करा'. सगळे पेढा उचलतात तेव्हा हात मागे घ्यायचा, तेही रोज, वर्षानुवर्षं, हे सोपं नाही. नानांना गोडापेक्षा परवानगी हवी असते, आणि ती देणारं दुसरं कुणीच त्यांना भेटलेलं नाही.

तेव्हा तुमच्या घरी असे नाना असतील, तर बाटली लपवू नका आणि व्याख्यानही देऊ नका. एक दिवस मधासकट आणि एक दिवस मधाशिवाय तोच नाश्ता द्या, दोन्ही दिवशी दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा, आणि आकडे त्यांनाच मोठ्यानं वाचू द्या. मध मोजायचा चमचा मात्र तुम्ही आणा.