अर्धा मलेरिया

(चिंचणीतलं एक घर. पडवीत डाय कोरायचं टेबल. त्यावर दिवा, भिंग, छिन्न्या. या गावात पोलादावर कोरलेल्या ठशांतून कुठल्या कुठल्या बायकांच्या गळ्यातली नक्षी उठते, हे त्या बायकांना ठाऊक नसतं. कोरणारा आज गोधडीत आहे. बाहेर श्रावणाची सर. आशाताई छत्री मिटून आत येते.)

डायवाला : मला काही झालेलं नाही.

बायको : काल संध्याकाळी ह्यांचे दात असे वाजत होते, मला वाटलं शेजाऱ्याने प्रेस चालू केला.

डायवाला : पावसात भिजलो होतो.

आशाताई : तेरवाही त्याच वेळेला भिजला होतात का, काका? एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो, असं काकू म्हणाल्या. बोट द्या.

डायवाला : कुठलं?

आशाताई : अनामिका.

डायवाला : डाव्या हाताची घ्या. उजव्याचं एकेक बोट म्हणजे माझी एकेक छिन्नी आहे. आणि किती रक्त काढणार?

आशाताई : एक बारका थेंब. त्यातलंही अर्धंच लागतं.

(टोचते. डायवाला आईला हाक मारतो. आई वारून बरीच वर्षं झाली.)

आशाताई : झालं. आता पट्टीवर रक्त, इकडे औषधाचे थेंब. पंधरा मिनिटं थांबायचं.

डायवाला : पंधरा मिनिटांत मलेरिया कळणार? ताई, मी एक पान कोरायला दिवस घालवतो. पंधरा मिनिटांत झालेल्या कामावर माझा विश्वास नाही.

आशाताई : काचेची स्लाइडही घेतलीय. ती तपासायला जाईल. तिचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल.

डायवाला : मग त्याचीच वाट बघू की!

बायको : तोवर दात पडतील. आणि ही पाकिटातली पांढरी पुडी कसली? मुखवास?

आशाताई : नको, काकू! तोंडात घालू नका! ओल शोषायला असते ती. पट्टीला दमट हवा चालत नाही. पाकीट फोडलं की लगेच वापरायची. आपल्या समुद्रकाठच्या हवेत पापड टिकत नाही, तिथे ही कुठून टिकणार?

डायवाला : (भिंग लावून) रंग चढतोय वर. हे चालतं कसं?

आशाताई : मलेरियाचे जंतू रक्तात स्वतःची प्रथिनं सोडतात. पट्टीत आधीच प्रतिपिंडं लावलेली असतात, ती नेमकं तेवढंच प्रथिन पकडतात. तुमच्या कमळाच्या डायमधून मोर उठतो का?

डायवाला : उठला तर गिऱ्हाईक उठवेल मला.

आशाताई : तसंच. मलेरियाच्या पट्टीत मलेरियाच बसतो. डेंग्यू असेल तर ही गप्प राहणार. त्याची पट्टी वेगळी, आणि तीही तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच नीट सांगते. लेप्टोची आणखी वेगळी.

डायवाला : म्हणजे माणसाला काय झालंय ते सांगत नाही. आपण विचारलं तेवढ्याचंच हो किंवा नाही.

बायको : मला ह्यांच्याकडून तेवढंही मिळत नाही.

डायवाला : आणि हा लाल रंग रक्ताचा ना?

आशाताई : नाही. रक्त पुढे वाहून जातं. रेघ उमटते ती सोन्याची.

(गोधडी खाली पडते.)

डायवाला : कशाची?

आशाताई : सोन्याची. प्रतिपिंडांना सोन्याचे कण चिकटवलेले असतात. रेघेपाशी ते अडकले, साचले, की रेघ दिसते.

डायवाला : ताई, उभा जन्म दागिन्यांच्या धंद्याच्या दारात गेला माझा. सोनं पिवळं असतं. लाल दिसलं तर त्यात तांबं आहे.

(इथे लेखकाला तोंड घातल्याशिवाय राहवत नाही. सोन्याचे कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास गेले की प्रकाश त्यांच्याशी वेगळा वागतो आणि सोनं लाल दिसतं. मायकेल फॅरडेने १८५७ साली असा माणिकरंगी द्राव तयार केला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच्या बाटल्या अजून जपून ठेवल्या आहेत. तेव्हा मुद्दा आशाताईचा बरोबर. डायवाल्याला हे पटवायला मात्र फॅरडेलाही वाणगाव स्टेशनला उतरून रिक्षा करावी लागली असती.)

डायवाला : (हळूच) वापरलेल्या पट्ट्यांचं काय करता?

आशाताई : काका, मिलिग्रॅमचाही बारीकसा अंश असतो तो. अख्ख्या डहाणू तालुक्याचा ताप गोळा केलात तरी नाकातली चमकी होणार नाही. आणि त्या जैविक कचऱ्यात जातात.

बायको : चमकी तरी कुठे केलीय ह्यांनी अजून!

आशाताई : बघा, पहिली रेघ आली. सी.

डायवाला : (धसका घेऊन) सी म्हणजे कोरोना!

आशाताई : सी म्हणजे कंट्रोल. पट्टी धड आहे एवढंच ती सांगते. सी आलीच नाही तर पट्टी फेकायची, दुसरी करायची.

(शांतता. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात.)

बायको : अहो, २०२१ साली पुण्याचं ते मायलॅबचं किट आणलं होतं तुम्ही. अडीचशे रुपयांचं.

डायवाला : कोव्हिसेल्फ. घरच्या घरी करायचं, देशातलं पहिलं. पेपरात वाचून आणलं होतं.

बायको : त्याच्यात एकच रेघ आली होती. सीपाशी.

आशाताई : मग निगेटिव्ह होतात!

बायको : चौदा दिवस माळ्यावर होते हे! शिडीवरून ताट चढवलंय मी!

डायवाला : माहितीपत्रक फार बारीक टाइपात होतं.

बायको : मोराच्या पिसातले डोळे कोरता तुम्ही!

डायवाला : विषय मलेरियाचा चाललाय. ताई, आमचं शुगरचं मशीनही असंच का? ते आकडा सांगतं. पण ते खोटारडं आहे.

बायको : खोटारडं कोण ते मी सांगते. परवा साडेतीनशे दाखवली.

डायवाला : दुसऱ्यांदा बघितली तर दीडशे! मिनिटभरात दोनशेचा फरक. आता बोला.

आशाताई : मधल्या मिनिटात काय केलंत?

बायको : हात धुतले. चिकू खात होते, मला बघून हात धुतले.

आशाताई : मशीन खरंच बोलत होतं, काका. फळाचा रस बोटाला असला की थेंबात तीही साखर उतरते. त्या पट्टीला साखर ओळखता येते; रक्तातली कोणती आणि घोलवडच्या चिकूची कोणती, ते तिला कुठून कळणार? पट्टीत एक एन्झाइम असतं, ते साखरेशी लागलं की बारीकसा विद्युतप्रवाह सुटतो, मशीन तो मोजून आकडा सांगतं. पुष्कळ पट्ट्यांतलं ते एन्झाइम बुरशीपासून काढतात. कांद्यावर काळी बुरशी येते ना, ती.

बायको : इश्श! मी तसले कांदे उकिरड्यावर टाकते.

डायवाला : ऐक. उद्यापासून कांदे जपून ठेव.

आशाताई : अमेरिकेत लेलँड क्लार्कने १९६२ साली ही युक्ती मांडली. आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं.

बायको : त्याच्या आधी?

आशाताई : आधी मुंग्या. लघवीला मुंग्या लागल्या की वैद्य मधुमेह म्हणायचे.

डायवाला : बघा! मुंगीला सेल लागत नाही. रिपोर्टही फुकट.

बायको : आणि चिकूलाही मुंग्या लागतात. तुमच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात परवा केवढी रांग होती.

(डायवाला पुन्हा गोधडी ओढून घेतो.)

आशाताई : पंधरा मिनिटं झाली. पीएफ नाही. पीव्ही आहे. काका, मलेरिया. व्हायवॅक्स.

डायवाला : कुठाय? (भिंग लावतो, पट्टी दिव्याखाली तिरपी धरतो.) ही? ही तर फिकी आहे! सी बघा कशी ठसठशीत. अशी रेघ मी गिऱ्हाइकाला दिली तर माल परत येईल. अर्धा मलेरिया म्हणा फार तर.

आशाताई : अर्धा मलेरिया नसतो. फिकी असली तरी रेघ ती रेघ.

डायवाला : उद्या परत बघू. पुसली जाईल.

आशाताई : उद्याची पट्टी वाचायची नसते. वेळ टळली की नसलेल्या रेघाही उमटतात. आता गोळ्या. क्लोरोक्विन तीन दिवस. प्रायमाक्विन चौदा दिवस, रोज जेवल्यावर. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच मला कळवायचं.

डायवाला : चौदा? तपास पंधरा मिनिटांत आणि शिक्षा चौदा दिवस? तुमचं शास्त्र पुढच्या दाराने पळतं आणि मागच्या दाराने बैलगाडीतून येतं.

आशाताई : काका, व्हायवॅक्सचा जंतू यकृतात झोपून राहतो. ताप गेला तरी महिन्यांनी उठतो. प्रायमाक्विन त्याच्यासाठी.

डायवाला : मग पट्टीला दाखवा ना तो झोपलेला!

आशाताई : तो या पट्टीला दिसत नाही. तो रक्तात उतरला की मगच कळतं.

डायवाला : म्हणजे जो दंगा करतोय तो दिसतो, आणि जो कट करतोय तो नाही. ह्यात नवीन काय शोधलं?

बायको : ताई, चौदाच्या चौदा गोळ्या माझ्याकडे द्या. कप्पे मी तपासते.

आशाताई : द्या बरं आता मागचं पिंप दाखवून. झाकण आहे का?

डायवाला : आमचं पिंप स्वच्छ आहे. डास शेजाऱ्याकडचे. त्याच्या उघड्या टाकीत बघा.

आशाताई : काल ते तुमच्या पिंपाचं नाव सांगत होते.

डायवाला : तो? त्याला काय कळतं!

आशाताई : त्यांनाही थंडी वाजून आलीय. इथून तिकडेच जाणार आहे, दुसरं पाकीट घेऊन.

डायवाला : (उठून बसतो) ताई, त्याची रेघ माझ्यापेक्षा गडद आली तर मला सांगायचं.

आशाताई : एका पेशंटचं दुसऱ्याला सांगत नाही आम्ही.

बायको : तुम्ही जा हो, ताई. भिंतीला भिंत लागून आहे. टोचल्याचं तर मला इथूनच ऐकू येईल.