किनवट ते सहस्रकुंड, व्हाया माथेरान

किनवटात रेल्वेविषयी काही विचारायचं असलं की लोक स्टेशनावर जातात, माझ्याकडं येत नाहीत, हे मला अलीकडंच कळलं. तोवर माझी समजूत अशी की या तालुक्यात रेल्वेबाबतचा शेवटचा शब्द आपला. समजुतीला आधारही होता. माझा जन्म मीटरगेजच्या काळातला, घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर, आणि शाळेत भूगोल शिकवताना फळ्यावर आगगाडी अशी काढत असे की मागच्या बाकावरची पोरं झोपेतून उठून बसत. आता निवृत्त झालो तरी ज्ञान निवृत्त झालेलं नाही. कुणी 'सर, नंदीग्राम किती वाजता?' असं विचारलं, की मी निजामाच्या रेल्वेपासून सुरुवात करतो. १९५६ पर्यंत आपला तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, इथवर मी येईस्तोवर विचारणारा काळी-पिवळीत बसून निघून गेलेला असतो.

अशा माणसाच्या मोबाइलवर वाफेच्या इंजिनाचे व्हिडिओ पाठवू नयेत. पण कुणीतरी पाठवला. हिरवे डोंगर, पूल, त्यावरून भकभक धूर सोडत चाललेलं जुनं काळं इंजिन आणि खिडक्या-खिडक्यांतून हात हलवणारे, पोट भरलेले लोक. त्याच रात्री मी निवेदन लिहायला घेतलं. विषय: किनवट–सहस्रकुंड ऐतिहासिक वाफेची सहलगाडी सुरू करणेबाबत.

निवेदन, माझ्याच मते, अप्रतिम उतरलं. १८५५ साली लीड्सला बांधलेली 'फेअरी क्वीन' १९९७ मध्ये पुन्हा दिल्ली–अलवर धावली, मग किनवटनं काय घोडं मारलंय? आमच्याकडं सागाचं जंगल आहे, फाल्गुनात पळस पेटतो, आणि पावसाळ्यात पैनगंगा सहस्रकुंडाला अशी कोसळते की उभ्या माणसाचा सदरा भिजतो. या वाक्यात 'सदरा'ऐवजी 'अंतःकरण' लिहावं का यावर माझा एक तास गेला. शेवटी दोन्ही भिजवले. अडचणी किरकोळ होत्या. रूळ आता ब्रॉडगेजचे आहेत, इंजिन नाही, कोळसा नाही, पाणी भरायची सोंड नाही. बाकी तयारी पूर्ण होती. समिती स्थापन झाली होती, तिचा संस्थापक अध्यक्ष ठरला होता, आणि त्याचा फोटोही काढून झाला होता.

अध्यक्षानं अभ्यासदौरा करावा लागतो, म्हणून आम्ही माथेरानला गेलो. 'आम्ही' म्हणजे समिती आणि तिची पत्नी. "अभ्यासदौरा म्हणता, तर टीए-डीए कोण देणार?" एवढंच ती म्हणाली आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

नेरळच्या फलाटावर मी टोपी घातली. ही इंजिन-ड्रायव्हरसारखी काळी टोपी मी खास या दौऱ्यासाठी घेतली होती. टोपी घातलेला माणूस गप्प बसला तर लोकांना संशय येतो, म्हणून मी बोलायला लागलो. २२ मार्च १९०७ ला ही गाडी सुरू झाली, असं शेजारच्या कुटुंबाला सांगितलं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली, हट्ट मुलाचा आणि सोळा लाख रुपये वडिलांचे, सर आदमजींचे. वीसेक किलोमीटरची वाट, रूळ दोन फुटी, चढ कुठं कुठं वीस फुटांना एक फूट. जर्मनीहून ओरेनस्टाइन अँड कोपेलची चार इंजिनं आली. त्यांच्या टोकाच्या चाकांचा कणा पोकळ, आत दुसरा कणा, त्यामुळं वळणावर चाकं अंमळ सरकतात आणि गाडी अडत नाही. याला क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात. "म्हणत असतील," कुटुंबप्रमुख म्हणाले. त्यांचा मुलगा मात्र मन लावून ऐकत होता. माझ्या नशिबी निवृत्तीनंतर तरी एक विद्यार्थी आला, असं वाटलं. मग त्यानं हात वर केला.

"आजोबा, धूर कुठंय?"

गाडीला डिझेल इंजिन होतं. हे मला माहीत होतं. मला ते फक्त मान्य नव्हतं. वाफेची ती चार इंजिनं १९८० च्या दशकातच थकली. ७३८ नंबरचं दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि ७४० थेट इंग्लंडात. नोकरीसाठी परदेशी गेलेली मराठी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण निवृत्तीनंतर तिकडं स्थायिक झालेलं हे पहिलंच माथेरानकर. राजस्थानात मारवाड ते खामलीघाट अशी एक सहलगाडी २०२३ पासून धावते, तिथंही डिझेल इंजिनावर वाफेच्या इंजिनाचं रूप चढवलंय. यावर मी एक जळजळीत परिच्छेद लिहिला होता. पण दर पंधरवड्याला मेंदी लावून केस काळे करणाऱ्यानं वय लपवण्यावर लिहू नये, असं पत्नीनं सुचवलं आणि परिच्छेद गळाला.

वाटेत एकच बोगदा लागतो. त्याचं नाव 'वन किस टनेल'. त्या अंधारात आमच्यात 'गॅसचं बटण बंद केलं होतं ना?' एवढाच संवाद झाला.

आता मला कॅलथ्रॉपसाहेबांविषयी थोडं बोलू द्या. हे वाक्य ऐकलं की आमच्या घरातले लोक उठून स्वयंपाकघरात जातात. तुम्हाला ती सोय नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप, जन्म १८५७. माथेरानच्या इंजिनांच्या आखणीत त्यांचा सल्ला होता, पण त्यांचं खरं लेकरू आपल्या लातूरची गाडी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची नोकरी करायला हा माणूस इकडं आला आणि डोक्यात एक किडा घेऊन बसला: रूळ हलके असले तरी चालतील, वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटून द्या, एका कण्यावर पाच टनांपेक्षा जास्त नको. केवढी साधी गोष्ट! घरखर्चाच्या बाबतीत हेच तत्त्व मी पत्नीला पुष्कळदा सांगितलंय, पण तिच्या मते आमच्या गाडीला मुळात कणा एकच आहे आणि तो मी नाही. असो. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. त्याआधी साहेबांनी लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून, तिथल्या तज्ज्ञांना बोलावून बार्शीच्या डब्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं. म्हणजे बार्शीच्या आधी बार्शीची गाडी इंग्लंडनं पाहिली. ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली, आणि त्याच साली साहेब वारले. किती वारकऱ्यांना तिनं विठोबापर्यंत नेऊन सोडलं असेल!

हे झालं रेल्वेचं. पण साहेबांना अरबी घोडे पाळायचा नाद होता आणि घोडा माणसाचा मित्र कसा, यावर त्यांनी १९२० मध्ये एक पुस्तकही काढलं. त्यांचे स्नेही चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधले पहिले, १९१० मध्ये विमान पडून गेले. त्या दुःखातून साहेब पॅराशूटच्या मागं लागले आणि 'गार्डियन एंजल' नावाची छत्री बनवली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला ती वापरली गेली. वैमानिकांना मात्र त्यांच्या सरकारनं ती युद्धभर मिळू दिली नाही. तीस वर्षं मी हे दहावीच्या वर्गाला सांगत आलो. लातूरची गाडी बनवणाऱ्यानंच पॅराशूट बनवलं! एका पोरानं एकदा शांतपणे विचारलं, "सर, लातूरच्या गाडीतून उतरायला पॅराशूट कशाला लागतंय? ती चालू असतानाच माणसं उतरून हरभरा उपटून परत चढायची, आमचे आबा सांगतात." त्या पोराला मी बाकावर उभं केलं. वास्तविक साऱ्या तासातलं रेल्वेविषयक प्रत्यक्ष ज्ञान तेवढंच होतं.

कॅलथ्रॉपसाहेबांना लातुरात कुणी विचारत नाही, याचा मला मनापासून राग येतो. ब्रॉडगेज आलं, बरं झालं, यायलाच हवं होतं. पण ते येताना जुनी छोटी गाडी कुठं तरी चार मैल राखून ठेवता आली असती. आमच्याकडचं मीटरगेजही असंच गेलं. उटीची गाडी त्याच एक मीटरच्या रुळांवर अजून चालते. मेट्टुपलयमहून निघते, मधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवून कुन्नूरपर्यंत वाफेवर चढते, इंजिन मागून ढकलतं आणि डब्याडब्यावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो. तिला २००५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तेवढ्याच रुंदीचे आमचे रूळ भंगारात निघाले. वारसा ठरायला रूळ थंड हवेच्या ठिकाणी असावे लागतात. आमचे होते त्या ठिकाणी मे महिन्यात कावळाही सावली सोडत नाही.

लहानपणी आईबरोबर मुदखेडला जाताना मी खिडकीतून तोंड बाहेर काढायचो आणि दर खेपेला डोळ्यात कोळशाचा कण जायचा. आई पदराच्या टोकाचा पीळ करून, त्यावर गरम फुंकर घालून तो काढायची आणि त्याच पदरानं माझं काळं तोंड पुसायची. त्या गाडीत सहलीला बसलेलं कुणी नसायचं. बाजार, कोर्ट, बाळंतपण, मयत. इंजिन भकभक करायचं ते कुणाला हात हलवता यावेत म्हणून नाही.

माथेरानहून परतल्यावर मी निवेदनावर सह्या गोळा करू लागलो. पहिली सही शेजारच्या आक्कांची घ्यायची ठरलं, कारण त्या कशालाही नाही म्हणत नाहीत. आक्का डायलिसिसला नांदेडला जातात, आठवड्यातून दोनदा. जाताना रात्र असते, येताना रात्र होते. मी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा पाहिला.

"लै गोड गाडी हाय, सर. यात बसून लोक कुठं जातात?"

"कुठंच नाही, आक्का. नुसतं जाऊन परत येतात."

"मंग आमच्यावानीच की," त्या म्हणाल्या.

मला तोंडात आलेलं क्लीन-लिंडनर गिळावं लागलं. नेरळहून माथेरानला जायला अडीच-पावणेतीन तास लागतात आणि ते हळू जाणं विकत मिळतं. लोक त्यासाठी आधीपासून तिकिटाला झगडतात, मीही झगडलो. तोच हळूपणा आक्कांना फुकट मिळतो आणि तो घेऊन त्या घरी येऊन पडतात. दवाखाना जवळ असलेल्या माणसालाच जुन्या गाडीची आठवण गोड वाटू शकते. हे मी कुणाला उद्देशून म्हणत नाही. म्हणजे म्हणतो आहे, पण त्यात मी धरून.

निवेदन मागं घेणं मात्र शक्य नव्हतं. त्यावर माझा फोटो होता. म्हणून मी त्यात एक मागणी वाढवली. किनवटहून नांदेडला सकाळी दहाच्या आत पोचवणारी आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत परत आणणारी गाडी असावी, रुग्णांना बसायला जागा असावी. ही मागणी क्रमांक एक. वाफेची सहलगाडी क्रमांक दोन. कागद झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराकडं टायपिंगला दिला. त्याला वीज जायच्या आत सगळं उरकायचं होतं, म्हणून त्यानं दोन्ही मागण्या एकत्र करून टाकल्या. पाचशे प्रती निघाल्यावर मी वाचलं: 'किनवट ते नांदेड सकाळी दहाच्या आत पोचणारी, कोळशावर चालणारी, रुग्णांसाठी राखीव, ऐतिहासिक गाडी सुरू करावी व ती सहस्रकुंडाला फोटोसाठी वीस मिनिटे थांबावी.'

सह्या पटापट झाल्या. आमच्या गावात एवढी एकवाक्यता मी निवडणुकीतही पाहिली नाही. धबधब्यापाशी चहाची टपरी टाकायला तिघांनी माझ्याकडं नावंही नोंदवली. आक्कांनी सही करून वर "वीस मिनिटं कशाला, दहा बास झाली," अशी दुरुस्ती सुचवली.

कागद घेऊन मी एका कचेरीत गेलो. तिथल्या बाबूंनी तो दोनदा वाचला, माझ्या फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"गुरुजी, कोळशाचं इंजिन आता कुठून आणणार? डिझेलचं किंवा विजेचं चालेल का?"

"दहाच्या आत पोचवत असेल तर चालेल," मी म्हणालो. "पण वरती चिमणी बसवा."