पाडकामाला मानपत्र

आपल्या राज्यात बांधकामाचे कौतुक फार होते आणि पाडकामाचे मुळीच होत नाही, हा अन्याय आहे. पूल बांधला की फीत कापायला मंत्री येतात, कोनशिलेवर नावे कोरली जातात. पण एखादी अख्खी वस्ती तिच्या गल्ल्या, खानावळी, गुत्ते, तालमी आणि भजनी मंडळांसकट अशी उचलायची, की पुढच्या पिढीला तिथे काही होते याची शंकाही येऊ नये, हे काम कितीतरी अवघड आहे. ते ज्यांनी केले त्यांची नावे कुठल्याही शिळेवर नाहीत. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या मंद्रूप गावी बसून सोलापूर आणि मुंबई या दोन गिरणीशहरांकडे पाहताना मला वाटते की ही उणीव आता नागरिकांनीच भरून काढावी.

आधी आपले सोलापूर. मंद्रूपहून विजापूर रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर गेले की ते येते. 1876 ते 1878 च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला आणि त्याच काळात, 1877 मध्ये, शेठ मुरारजी गोकुळदास यांची कापड गिरणी तिथे सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जामश्री अशा मिल उभ्या राहिल्या आणि पहिलीला लोक जुनी मिल म्हणू लागले. शिवारात पेरण्यासारखे काही नव्हते, शहरात भोंगा वाजत होता. भीमा-सीनेच्या काठची माणसे निघाली, कानडी मुलखातली निघाली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. चाळीच्या एका नळावर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत भांडणे होत, आणि भांडण मिटवायचे तर चारही भाषा थोड्याथोड्या शिकाव्या लागत. कुणाच्या घरी भाकरी थापली गेली नाही तर ते शेजारच्या खोलीला चुलीच्या धुरावरून कळे. आजारी माणसाची बदली कोण भरणार, हे पाळी सुरू होण्याआधी दारातच ठरे.

इतक्या दाटीत राहणारी माणसे शासनाला कधीच सोयीची नसतात, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापूरच्या गिरणी कामगारांनी काम टाकून रस्ता धरला. गोळीबार झाला, माणसे मेली, आणि तरीही काही दिवस या शहरावर इंग्रजांचे राज्य चालले नाही. 12 मे रोजी तिथे लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिले. ही चार नावे ओळीने वाचली की त्या काळच्या सोलापुरात कोण कोणाच्या शेजारी उभे होते, ते कळते.

या पार्श्वभूमीवर आपल्या स्वदेशी पद्धतीचे श्रेष्ठत्व मान्य करावेच लागेल. इंग्रजांना ही गर्दी पांगवायला सैन्य आणावे लागले, जगभर बदनामी झाली ती वेगळीच. आपण गिरण्या एकामागून एक बंद पडू दिल्या, देणी थकू दिली, भोंगा थांबू दिला. एकही गोळी न झाडता गर्दी पांगली. त्या कामगारांची नातवंडे आता कामासाठी पुणे गाठतात, आणि त्यांना तिकडे नेणाऱ्या गाडीला आपण हुतात्मा एक्स्प्रेस असे नाव देऊन ठेवले आहे. हुतात्म्यांचा याहून नियमित उपयोग कुठल्या शहराने केला असेल, असे वाटत नाही.

तरीही सोलापूरचे काम अर्धवटच म्हणावे लागते. मुरारजी पेठ हे नाव अजून टिकून आहे, म्हातारी माणसे अजूनही जुन्या मिलच्या खुणेने पत्ता सांगतात. पाडकामाचा आदर्श पाहायचा तर मुंबईच्या गिरणगावात जावे. लालबाग, परळ, वरळी, नायगाव, भायखळा या पट्ट्यातील सुमारे सहाशे एकर जमीन गिरण्यांची होती. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कुणी रीतसर मागे घेतल्याची नोंद नाही. कामगार गावी गेले, परत आले, वाट पाहत राहिले. तेवढ्यात जमिनीचा भाव वाढला आणि कापडापेक्षा कापडाच्या खालची जागा अधिक किमती ठरली.

त्या जागेवर काय होते, ते आता नीट सांगितले पाहिजे. एरवी पाडणाऱ्यांचे कष्ट लक्षात यायचे नाहीत. एका खोलीत पंधरा-वीस पुरुष राहत, पथारी एकच पण तिच्यावर झोपणारा पाळीनुसार बदलत असे. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हे गडी जेवायला खानावळीत जात, आणि खानावळ म्हणजे बहुधा शेजारच्याच एखाद्या बाईची खोली. महिनाभर जेवायचे आणि पगाराला हिशेब चुकता करायचा. संप झाला तर तो हिशेब वहीत थांबे आणि ताट मात्र थांबत नसे, म्हणून ती बाईच कर्जात बुडे. सावकाराच्या तावडीतून या बायकांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत, परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगार दिवसा साचे चालवून रात्री नाटक करीत. अण्णाभाऊ साठे आणि अमरशेख यांचा आवाज याच भागातल्या मैदानांतून घुमला. ही सगळी मंडळी परवडणाऱ्या भाड्यात राहत होती. शहराच्या मध्यभागी, एवढ्या मोक्याच्या जागी, असे लोक असणे हे जमिनीचा अपव्यय करण्यासारखे होते, हे आपल्या नियोजनकारांनी वेळेवर ओळखले.

गुत्त्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे आपली नैतिक प्रगती सर्वांत ठळक दिसते. गुत्ता ही चांगली जागा नव्हती. पगाराच्या संध्याकाळी किती पाकिटे तिथे हलकी झाली आणि किती घरांत त्या रात्री चूल पेटली नाही, हे त्या घरांतल्या बायकांना विचारावे. दारूबंदीचा कायदा 1949 चा, आणि हातभट्टी त्या कायद्याला न जुमानता चालू होती. आपल्या सोलापुरात विणकर संध्याकाळी शिंदीच्या दुकानात बसे. पण त्याच ठिकाणी कोणाच्या खात्यात छाटणी येणार, कोणत्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, कोणाकडून पैसे खाल्ले, कोणाच्या मुलीचे लग्न अडले, याचीही खबर मिळे. उधारी चाले. जास्त झालेल्या माणसाला दोघे खांद्याला धरून घरी पोचवत, कारण त्याचे घर त्यांना ठाऊक असे.

हा कलंक आपण पुसून काढला आणि त्याच जमिनीवर पब आणले. फरक केवढा पडला पाहा. गुत्त्यातल्या माणसाचा महिन्याचा पगार इथे एका टेबलावर एका रात्रीत संपतो आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत. ज्या फाटकात कामगाराला पाळी सुटताना झडतीला उभे राहावे लागे, तिथे आता गाड्या उभ्या करून द्यायला माणसे असतात. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबमध्ये आग लागली. चौदा जण गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. परवानग्या आणि बेकायदा बांधकामे तपासण्याची निकड सर्वांना दुसऱ्या दिवशी जाणवली. त्याच्या बरोबर तीन महिने आधी, 29 सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे मेली होती. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, त्यांत हजारो नोकरदार आले, आणि त्यांना ये-जा करायला पूल मात्र भोंग्याच्या काळातला ठेवला. पुढच्या वर्षी स्थानकाचे नाव बदलून प्रभादेवी करण्यात आले. प्रशासन काहीच करत नाही, असे यापुढे कुणी म्हणू नये.

कायद्याची बाजूही तितकीच नेटकी आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक वाटा शहराच्या मोकळ्या जागांना, एक सामान्यांच्या घरांना आणि एक मालकाला. हे तीन वाटे फार न्याय्य असल्यामुळे दहा वर्षांतच दुरुस्ती करावी लागली. 2001 पासून वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची व्हावी आणि इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरू नये, असे ठरले. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याला हरकत घेतली, सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2006 रोजी ती हरकत दूर केली. पाडकामाला इतका मोठा सन्मान दुसऱ्या कुठल्या देशात मिळाला असेल असे वाटत नाही. इथे पाडलेली वास्तू नुसती नाहीशी होत नाही, तिच्या खालची जमीनही हिशेबातून नाहीशी होते. मधल्या काळात, 2005 मध्ये, मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन 702 कोटी रुपयांना विकली गेली. ज्यांच्या घामाने ती गिरणी चालली त्यांच्या हाती त्यातले काय आले, ते लालबागच्या कुठल्याही जिन्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा.

कामगारांना विसरले, असेही म्हणता येणार नाही. त्यांना घरे द्यायचे ठरले आहे. त्यासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले आणि 2012 पासून सोडती निघू लागल्या. आजवर घर मिळाले ते त्यातल्या थोड्यांनाच. उरलेल्यांसाठी आता शेलू आणि वांगणीकडे बोट दाखवले जाते. वांगणी बदलापूरच्या पलीकडे, शेलू कर्जतच्या अलीकडे. परळला ज्याचे आयुष्य गेले त्याने उतारवयात रोज लोकलने परळ गाठावे, इतकी काळजी घेणारे सरकार आहे. या काळजीने भारावूनच बहुधा जुलै 2025 मध्ये ही वृद्ध माणसे आझाद मैदानावर गोळा झाली आणि घर मुंबईतच द्या म्हणून ओरडली.

या सगळ्या यशाला एकच गालबोट लागले आहे, आणि खेद याचा की ते आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. सोलापूरच्या विडी कामगार बायका आणि यंत्रमागावरचे कामगार विसरायला तयार झाले नाहीत. नरसय्या आडम मास्तरांच्या मागे त्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, पावत्या जपल्या, दिल्लीपर्यंत हेलपाटे घातले. कुंभारीला रे नगर ही तीस हजार घरांची वसाहत मंजूर झाली आणि त्यातली पंधरा हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. मंद्रूपहून कुंभारी दूर नाही. ज्यांना पाडकामाच्या भवितव्याची चिंता आहे, त्यांनी एकदा तिथे जाऊन यावे. पत्र्याच्या खोलीत आयुष्य काढलेली बाई स्वतःच्या पक्क्या घराच्या उंबऱ्यावर बसून विड्या वळताना तिथे दिसते.

मानपत्र इथे संपले. पुढचे शब्द सरळ आहेत.

मंद्रूप आणि आसपासच्या गावांत अशी घरे आहेत जिथले आजोबा, पणजोबा सोलापूरच्या किंवा मुंबईच्या गिरणीत होते. जुन्या ट्रंकेत त्यांचा गेटपास असेल, पगाराची चिठ्ठी असेल, युनियनची पावती, भविष्य निर्वाह निधीचा कागद किंवा चाळीच्या पत्त्यावर आलेले पोस्टकार्ड असेल. ते रद्दीला देऊ नका. घरात अजून कुणी सांगणारे असेल तर खात्याचे नाव, जॉबरचे नाव, गल्लीचे, खानावळवालीचे आणि गुत्त्याचेही नाव या दिवाळीला विचारून वहीत लिहून घ्या, आणि कागदांची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वारसांना घराचा हक्क सिद्ध करताना आजही असेच कागद दाखवावे लागतात.