तारीख चुकलेली माणसं

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनातलं मोफत घर हवं तर आधी झोपडी हवी, तीही मुहूर्त साधून बांधलेली. हा मुहूर्त आधी 1 जानेवारी 1995 होता, मग 1 जानेवारी 2000 झाला. त्यानंतरच्या, 2011पर्यंतच्या झोपडीवाल्यांना पैसे भरून घर. (निवडणुका जवळ आल्या की पंचांग बदलतं.) फुटपाथवर उघड्यावर निजणाऱ्यानं मात्र पुरावा कसला द्यावा? लाइटबिल नाही, त्याचा दिवा रस्त्यावरचा.

पात्र ठरलेले अनेक जण नवं घर बांधून होईपर्यंत संक्रमण शिबिरात. तिथं संक्रमण पिढ्यांचंच होतं.

तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून हटवलेल्या कुटुंबांना मात्र खरंच पक्की घरं मिळाली: माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथल्या प्रदूषित हवेत राहायची सक्ती करता येणार नाही, हे 2019मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.