सागवानवाले नाना

वास्तुशांतीला आलेले लोक आधी देवाला हात जोडतात. नाना आधी कपाटाला टकटक करतात. एक टकटक, कान जवळ नेऊन दुसरी, मग यजमानाकडे वळून खालच्या आवाजात, "प्लाय का हो?" यजमान बिचारा सांगू पाहतो, की आयएस ७१० आहे, मरीन आहे, याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. नाना म्हणतात, "उकडलेलं लाकूड आमच्याकडे चालत नाही."

असे एक नाना प्रत्येक सोसायटीत असतात. लाकूड म्हणजे सागवान, आणि सागवान म्हटलं की घराण्याची चौकशी आलीच. बर्मा की सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं? सीपी तर आलापल्लीचं की बल्लारशाचं? २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारशाहून सागवान गेलं, त्याबद्दल नाना अजूनही "आपण पाठवलं" असंच बोलतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला ओट्यावर लाकूड हवं होतं. शेगडी आणि सिंकपाशी ग्रॅनाइट (हे शहाणपणाचंच, सतत भिजणाऱ्या जागी लाकूड काळं पडतं) आणि उरलेल्या भागावर रबरवुडचं पॅनल. चीक आटलेली रबराची झाडं तोडून पट्ट्या काढतात, टोकांना दाते पाडून एकमेकींत अडकवतात आणि चिकटवतात. नानांनी नमुना दोन बोटांत धरला. "ही तर गोधडी!"

त्यांना हवी होती दोन फूट रुंद, एकच अखंड फळी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात त्यांनी तशी मागितली, तेव्हा वखारवाला म्हणाला, "काका, एवढ्या घेराचं झाड मिळालं तर आधी मला दाखवा."

मिस्त्रीने समजावून पाहिलं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि रुंद फळीला बाक येतो. अरुंद पट्ट्या, वाढीची वर्तुळं एकीची उताणी, एकीची पालथी, अशा जोडल्या, की एकीचा बाक दुसरी मारते.

"लाकूड जिवंत असतं हो!" नाना कळवळले.

"असू दे की," तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "पण पोळपाट डुगडुगला तर?"

मग नानांनी हुकमाचं पान काढलं. सगळ्यांना आपल्या घरी नेलं, आजोबांच्या वेळच्या सागवानी टेबलासमोर उभं केलं. "हे अखंड! हात फिरवून बघा." मिस्त्रीने हात फिरवला नाही. तो सरळ टेबलाखाली शिरला आणि मोबाइलचा टॉर्च लावला. चार फळ्या, तीन सांधे.

"नाना, हेही चिकटवलेलंच आहे."

नाना वाकले, चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिले.

"तो सरस आहे," ते म्हणाले. "फेविकॉल नव्हे."